सर्ज अरेस्टर असूनही उपकरणं का उडतात: निवड, जोडणी आणि नेहमीच्या चुका

वादळी पावसानंतर टीव्ही, राउटर किंवा पंपाचा बोर्ड जातो आणि डीबीतल्या (वितरण पेटीतल्या) सर्ज अरेस्टरची, म्हणजे तारेतून येणारा दाबाचा झटका (सर्ज) अर्थिंगकडे वळवणाऱ्या उपकरणाची, खिडकी मात्र हिरवीगार दिसते. मग अरेस्टर नकली होता असं म्हणून तो बदलला जातो. बहुतेक वेळा अरेस्टर चांगला असतो, जोडणी चुकलेली असते. तीही वायरच्या गेजमध्ये नाही, लांबीत.

आपल्याकडे आकाशातली वीज आणि तारेतली वीज, दोघींना एकच शब्द. घोटाळा नको म्हणून खाली आकाशातल्या विजेलाच ‘वीज’ म्हटलं आहे आणि तारेतल्या विजेला ‘पुरवठा’.

एक मीटर वायरचा हिशेब

वीज घरावरच पडली पाहिजे असं नाही. काहीशे मीटरवर, ओव्हरहेड लाइनच्या आसपास पडली तरी तारांमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि तो दोन्ही बाजूंनी धावत सुटतो. हा सर्ज काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या प्रवाहापुढे तांब्याची वायर साध्या वायरसारखी वागत नाही, तिचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, आडवं येतं.

सरळ वायरचं इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री असतं. अरेस्टर तपासण्यासाठी ८/२० ही प्रमाण लाट वापरतात, म्हणजे ८ मायक्रोसेकंदांत शिखर आणि २० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर. १० किलोअँपिअरची अशी लाट धरली तर प्रवाह मायक्रोसेकंदाला सुमारे १.२५ किलोअँपिअरने वाढतो. म्हणजे दर मीटर वायरवर सुमारे १,२५० व्होल्ट पडतात. ६ चौ. मिमी तांब्याच्या त्याच एक मीटरचा रोध जेमतेम ३ मिलिओहम, त्यावर पडतात फक्त ३० व्होल्ट. जाड वायर टाकून फरक का पडत नाही, ते यात दिसतं. जाडीने ते ३० व्होल्ट कमी होतील, १,२५० जवळपास तसेच राहतील.

आता दुसरी बाजू. २३०/४०० व्होल्टच्या जोडणीत प्रत्येक जागेच्या उपकरणाने किती आघात सोसावा हे आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या मानकात ठरलेलं आहे. मीटर आणि सर्व्हिस लाइनकडची सामग्री ६ किलोव्होल्ट, डीबी आणि पक्की वायरिंग ४, घरातली नेहमीची उपकरणं २.५ आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्स १.५ किलोव्होल्ट. बाजारातल्या चांगल्या अरेस्टरवर ‘यू-पी’ म्हणून १.५ किलोव्होल्ट किंवा त्याहून कमी आकडा छापलेला असतो. सर्ज आल्यावर त्याच्या दोन टोकांमध्ये एवढा दाब उरतो. त्यात एक मीटर वायरचे १.२५ मिळवा, झाले २.७५. घरातल्या उपकरणांची मर्यादा ओलांडली गेली. अरेस्टरने त्याचं काम चोख केलं, टीव्ही तरी गेला.

म्हणूनच आयईसीचा नियम आहे की फेजच्या टॅपपासून (जिथून अरेस्टरची फांदी निघते तिथून) अरेस्टरपर्यंत आणि अरेस्टरपासून अर्थ बारपर्यंत, दोन्ही मिळून वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नसावी. सर्ज संरक्षणातलं एकच माप पाठ करायचं असेल तर हे करा.

कोणता अरेस्टर घ्यायचा

सर्ज अरेस्टरला कागदोपत्री एसपीडी म्हणतात. त्याचे तीन टाइप असतात.

टाइप १ थेट विजेच्या प्रवाहाचा भाग पेलण्यासाठी असतो आणि त्याची चाचणी १०/३५० या लांब लाटेने होते. इमारतीवर तडितरक्षक असेल, म्हणजे वर दांडा आणि खाली उतरलेली पट्टी असेल, तर टाइप १ लागतोच. तडितरक्षक छप्पर आणि भिंती वाचवतो, वायरिंग नाही. उलट त्याच्यावर वीज पडली की साधारण निम्मा प्रवाह अर्थपिटातून जमिनीत आणि उरलेला निम्मा पुरवठ्याच्या तारांमधून बाहेर जातो असं धरून हिशेब करतात. १०० किलोअँपिअरची वीज धरली तर तारांच्या वाट्याला ५०, तीन फेज आणि न्यूट्रल अशा चार तारांत वाटले की प्रत्येकी १२.५. टाइप १ वर हमखास दिसणारा १२.५ किलोअँपिअरचा आकडा असा आला आहे. तडितरक्षक बसवून टाइप १ टाळणं म्हणजे विजेला घरात यायला आमंत्रण देऊन दार उघडं ठेवणं.

टाइप २ मुख्य डीबीत बसतो. तडितरक्षक नसलेल्या घराला, दुकानाला, पंपघराला हाच पुरतो. प्रत्येक पोलला ‘आय-एन’, म्हणजे ८/२० लाटेचा जेवढा प्रवाह तो पुन्हा पुन्हा सोसू शकतो तो आकडा, किमान ५ किलोअँपिअर हवा, पण बाजारात २० चे सहज मिळतात आणि तेच घ्यावेत. मोठ्या आकड्याचा फायदा एवढाच की तो अधिक आघात सोसून जास्त वर्षं टिकतो. १०० किलोअँपिअर लिहिलेला महागडा अरेस्टर मीटरभर वायरने जोडला तर २० वाल्यापेक्षा तो टीव्हीला काडीचंही जास्त वाचवत नाही.

टाइप ३ म्हणजे उपकरणाजवळचा, सर्ज असलेला एक्स्टेन्शन बोर्ड किंवा सॉकेट. मुख्य डीबीपासून उपकरण १० मीटरपेक्षा लांब असेल तर केबलमध्ये लाट परतून दाब जवळजवळ दुप्पट होऊ शकतो, तिथे तो हवा. पण टाइप २ च्या मागेच. डीबीत काहीच नसताना नुसता बोर्ड लावला तर सगळा भार त्याच्यातल्या बारीक व्हॅरिस्टरवर (दाब वाढला की प्रवाहाला वाट देणाऱ्या चकतीवर) येतो आणि तो धूर काढतो. सॉकेटला खरी अर्थिंग नसेल तर त्या बोर्डाचं अर्ध्याहून जास्त काम बंदच असतं.

टाइप १ आणि टाइप २ वेगवेगळे लावले तर दोघांमध्ये १० मीटर केबल असावी किंवा एकाच निर्मात्याने जुळवून दिलेली जोडी घ्यावी. नाहीतर टाइप २ आधी चालू होतो आणि थोरल्याचा भार धाकट्यावर पडतो. छोट्या जागेत एकत्रित ‘१+२’ घेणं सोपं.

आणखी एक आकडा ‘यू-सी’, म्हणजे अरेस्टर कायम किती दाब सोसेल. २३० व्होल्टच्या पुरवठ्याला २७५ चा चालतो. पुरवठाच रात्री २६० च्या वर जात असेल तर ३२० चा घ्या. यू-पी थोडा वाढेल, पण अरेस्टर उगाच तापून मरणार नाही.

१+१ की सगळे व्हॅरिस्टर

सिंगल फेजच्या अरेस्टरमध्ये दोन कार्ट्रिज, म्हणजे उपसून बदलता येणारे भाग, असतात. काहींमध्ये फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे दोन व्हॅरिस्टर. ‘१+१’ प्रकारात फेज आणि न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर, आणि न्यूट्रल ते अर्थ गॅस भरलेली नळी, म्हणजे जीडीटी. तीन फेजला त्याचंच ‘३+१’.

जिथे अर्थिंग ग्राहकाच्या स्वतःच्या पिटावर असते, त्या टीटी पद्धतीत १+१ च घ्यावा. व्हॅरिस्टर म्हातारा झाला की गळायला लागतो. तो फेज-अर्थ लावलेला असेल तर ही गळती अर्थिंगमध्ये जाते, पिटाचा रोध दहा-वीस ओहम असल्याने मेन फ्यूज उडत नाही, आणि घरातल्या प्रत्येक धातूच्या अंगावर करंट येतो. जीडीटी एरवी पूर्ण बंद असते, तिच्यातून गळती होत नाही. न्यूट्रल आणि अर्थ वेगळे आणणाऱ्या टीएन-एस पद्धतीतही १+१ चालतो, त्यामुळे पद्धतीबद्दल शंका असेल तर तोच घ्या. मात्र न्यूट्रल-अर्थ कार्ट्रिजला सिंगल फेजमध्ये किमान १० आणि तीन फेजमध्ये किमान २० किलोअँपिअर आय-एन हवा, कारण सगळ्या फेजचा प्रवाह त्या एकाच वाटेने जातो.

१+१ मध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडू नका. जीडीटी फेजवर आली तर सर्जमुळे पेटलेली ठिणगी पुरवठाच चालू ठेवतो. न्यूट्रल-अर्थच्या नळीची पुरवठ्याचा प्रवाह तोडायची ताकद साधारण १०० अँपिअरचीच असते, त्यामुळे ती जळते. जोडणीआधी टेस्टरने नाही, मीटरने फेज ओळखा.

बसवताना

हे काम परवानाधारक वायरमनचं. मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टर, जनरेटर किंवा सोलरमधून डीबीत पुरवठा मागे येऊ शकतो. तेही बंद करून, मीटर लावून खात्री केल्याशिवाय हात घालू नये.

१. अरेस्टरची जागा मेन स्विचच्या लगेच पुढे आणि आरसीसीबीच्या (अर्थकडे गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या) आधी ठरवा. आरसीसीबीनंतर लावला तर प्रत्येक सर्जला ३० मिलिअँपिअरचा साधा आरसीसीबी ट्रिप होईल, क्वचित त्याचे कॉन्टॅक्ट चिकटून तो निकामी होईल, आणि ही गोष्ट कुणाच्या लक्षातही येणार नाही. नाइलाज असेल तर ‘एस’ प्रकारचा, ८/२० लाटेचे ३ किलोअँपिअर सोसणारा आरसीसीबी घ्या.

२. अर्थ बार अरेस्टरच्या खाली आणा. डीबीतला मूळ बार सहसा तळाशी, साठ-सत्तर सेंटीमीटर दूर असतो आणि सगळं गणित तिथेच बिघडतं. अरेस्टरच्या अगदी खाली एक छोटा तांब्याचा बार लावा. अर्थपिटाची मुख्य वायर आधी या बारवर आणा आणि इथून दुसरी वायर डीबीच्या अर्थ बारला न्या. या बारपासून पिटापर्यंतची लांबी अर्ध्या मीटरच्या हिशेबात धरायची नाही. उपकरणाला जाणवतो तो फेज टॅप आणि हा बार यांच्यातला फरक.

३. टाइप २ ला ६ चौ. मिमी तांबं वापरा, टाइप १ च्या अर्थ वायरला किमान १६. वायर सरळ न्या. ‘पुढे लागेल’ म्हणून वेटोळं ठेवायची सवय इथे घातक, कारण प्रत्येक वेढा इंडक्टन्स वाढवतो. फेज, न्यूट्रल आणि अर्थच्या वायरी एकमेकींना चिकटवून न्या.

४. बॅकअप फ्यूज किंवा एमसीबी. अरेस्टरवर कमाल फ्यूज छापलेला असतो, समजा १२५ अँपिअर. मेन फ्यूज त्याहून लहान असेल तर वेगळा लागत नाही, पण मग अरेस्टर शॉर्ट झाला तर सगळं घर अंधारात जाईल. वेगळा लावला तर पुरवठा चालू राहतो पण संरक्षण गेलेलं असतं, तेव्हा तो अधूनमधून बघावा लागतो. फार लहान फ्यूज लावू नका. १६ अँपिअरचा फ्यूज सर्जमध्येच उडेल. एमसीबी निर्मात्याने सांगितलेल्या रेटिंगचाच वापरा. त्याच्या आतल्या कॉइलचंही इंडक्टन्स असतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरी अर्ध्या मीटरमध्ये मोजायच्या.

५. लग किंवा फेरूल क्रिम्प करून, निर्मात्याने दिलेल्या टॉर्कने स्क्रू आवळा. सैल जोड सर्जमध्ये उडतो.

६. अरेस्टरच्या आधीच्या ‘मळक्या’ वायरी आणि नंतरच्या ‘स्वच्छ’ वायरी एकाच डक्टमध्ये शेजारी ठेवू नका, सर्ज उडी मारतो. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

अर्धा मीटर बसतच नसेल तर ‘व्ही’ जोडणी करा. येणारी वायर थेट अरेस्टरच्या टर्मिनलवर आणायची आणि तिथूनच पुढे डीबीला न्यायची. मग फांदी उरतच नाही. यासाठी अरेस्टरला दुहेरी टर्मिनल हवीत आणि ती घराचा पूर्ण प्रवाह पेलणारी हवीत.

अर्थिंग: कमी ओहमपेक्षा एकत्र जोड

१० ओहमखाली पिट असावा असं आयईसी सुचवतं आणि ते ठीकच आहे. पण १० किलोअँपिअर गुणिले १० ओहम म्हणजे एक लाख व्होल्ट. पिट १ ओहमचा केला तरी दहा हजार. म्हणजे वीज आल्यावर घराची अर्थिंग शून्यावर राहत नाही, वर उचलली जातेच. भरतीला होडी वर गेली तरी होडीतल्यांना त्रास नसतो. एक पाय होडीत आणि एक धक्क्यावर असलेला मात्र पडतो. उपकरणांचंही तसंच. सगळं एकाच अर्थ बारला जोडलेलं असेल तर सगळं एकत्र वर जातं.

‘कॉम्प्युटरसाठी वेगळा, स्वच्छ अर्थपिट’ ही कल्पना म्हणूनच महागात पडते. दोन सुटे पिट म्हणजे वीज पडली की त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक, आणि तो फरक नेमका कॉम्प्युटरमधून मिटतो. पिट हवे तितके करा, पण जमिनीखालून जाड पट्टीने एकमेकांना जोडा. पाण्याचे धातूचे पाइप, डिशचा खांब, तडितरक्षकाची पट्टी, इमारतीचं स्टील, सगळं मुख्य अर्थ बारला.

पिटाचा अंदाज घ्यायचा तर १०० ओहम-मीटरच्या साधारण जमिनीत ३ मीटर खोल, १६ मिमी जाडीचा एक रॉड सुमारे ३३ ओहम देतो. दुसरा रॉड निदान ६ मीटर लांब ठोका. जवळ ठोकला तर दोघं एकाच मातीवर भांडतात.

डेटा, डिश आणि कॅमेरे

राउटर आणि सेट-टॉप बॉक्स सगळ्यात जास्त का उडतात? त्यांना दोन वाटांनी तारा येतात. पुरवठ्याच्या बाजूने संरक्षण आहे, केबलच्या बाजूने नाही, मग सर्ज एका पोर्टातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. उपाय एकच, बाहेरून येणारी प्रत्येक तांब्याची तार घरात एकाच जागी, मुख्य डीबीजवळ आणा आणि तिथे तिचा वेगळा अरेस्टर लावून त्याच अर्थ बारला जोडा. डिशच्या केबलला जीडीटीवाला कोअॅक्सियल अरेस्टर, लॅनला आरजे-४५ चा. कॅमेऱ्याला त्याच वायरवरून पुरवठा जात असेल तर पीओई चालणाराच घ्या, आणि बाहेरच्या खांबावरच्या कॅमेऱ्याला दोन्ही टोकांना लावा.

दोन इमारतींमध्ये लॅनची तांब्याची वायर टाकूच नका. फायबर टाका, आणि त्यात स्टीलची तार नसलेला. तार असेल तर ती प्रवेशाच्या जागी अर्थ बारला जोडावी लागते, नाहीतर फायबरचा उपयोगच संपला.

पंप आणि सोलर

सबमर्सिबल पंपाची मोटर खोल पाण्यात असते, म्हणजे त्या जागेतला सगळ्यात उत्तम अर्थपिट तीच. ओव्हरहेड लाइनवरून आलेला सर्ज वाइंडिंगचं इन्सुलेशन फोडून पाण्यात उतरतो. स्टार्टरमध्ये टाइप २ लावा आणि बोअरचा लोखंडी केसिंग पाइप स्टार्टरच्या अर्थ बारला जोडा. हा जोड विसरला तर अरेस्टर स्टार्टर वाचवेल, मोटर नाही. स्टार्टर बोअरपासून १० मीटरपेक्षा लांब असेल तर बोअरच्या तोंडाशी दुसरा लावा.

सोलरच्या डीसी बाजूला डीसीचाच अरेस्टर लागतो. एसीचा लावला तर तो निकामी होताना पेटलेला आर्क विझत नाही, कारण डीसी शून्यातून जात नाही. स्ट्रिंगचा (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेचा) ओपन सर्किट दाब, म्हणजे भार नसतानाचा दाब, गुणिले १.२ एवढा यू-सी हवा. ४९ व्होल्टची १२ पॅनेल म्हणजे ५८८, गुणिले १.२ म्हणजे ७०६, तेव्हा ८०० किंवा १,००० चा घ्या. थंडीत पॅनेलचा दाब वाढतो, त्याची सोय त्या १.२ मध्ये आहे. पॅनेल ते इन्व्हर्टर १० मीटरपेक्षा जास्त असेल तर दोन्ही टोकांना अरेस्टर. प्लस आणि मायनस केबल एकत्र बांधून न्या. त्या लांब ठेवल्या तर मोठा फास तयार होतो आणि जवळ पडलेली वीज त्यात थेट दाब भरते.

हे काम अरेस्टरचं नव्हे

वादळात न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो, तोही मिनिटं-तास. अरेस्टर मायक्रोसेकंदांसाठी बनलेला असतो. इथे तो तापतो, आतला थर्मल कट सुटतो, खिडकी लाल होते आणि घरातली उपकरणं जळत राहतात. यासाठी साधारण २७० व्होल्टला तोडणारा ओव्हर-व्होल्टेज रिले वेगळा लावावा. स्टॅबिलायझर आणि यूपीएस हेही सर्जवरचा उपाय नाहीत. उलट तेच सर्जने उडतात, म्हणून अरेस्टर त्यांच्या आधी.

तपासणी

हिरवी खिडकी एवढंच सांगते की थर्मल कट सुटलेला नाही. अर्थची वायर निघालेली असली तरी ती हिरवीच असते. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, पुरवठा बंद करून अरेस्टरचं अर्थ टर्मिनल आणि लांबच्या सॉकेटची अर्थ पिन यांच्यात रोध मोजा. तो एक ओहमपेक्षा बराच कमी यायला हवा. पिटाचे जोड खरवडून गंज काढा. बॅकअप एमसीबी चालू आहे ना ते बघा, ट्रिप झालेला बॅकअप महिनोन्महिने कुणाला दिसत नाही.

वायरिंग मेगर करताना (मेगर मीटरने तिचं इन्सुलेशन तपासताना) कार्ट्रिज उपसून ठेवा. नाहीतर ५०० व्होल्टला व्हॅरिस्टर वाहायला लागतो आणि वायरिंग खराब असल्यासारखं रीडिंग येतं. लाल झालेली कार्ट्रिज त्याच मॉडेलची आणि त्याच यू-सीची लावा. दुसरी बसली तरी जुळत नाही.

आणि प्लग काढायचा तर गडगडाट जवळ येण्याआधी. चमक आणि आवाज यांत ३० सेकंदांहून कमी अंतर राहिलं, म्हणजे वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आली, की वायरींना हात लावू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटण एकटा फेज तोडतं, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. प्लग उपसा, आणि लॅनची व डिशची केबलही काढून सॉकेटपासून हातभर लांब ठेवा.